परत आणलेलं मडकं

सर, तुमी गेल्याचं कळलं तवा मी चाकावर होतो. हात तसेच मातीचे घेऊन उठलो, पडवीतलं एक मडकं उचललं आन् तुमच्या घराकडं निघालो. आमच्या घरात हे असंच चालत आलंय. गावात कुणी गेलं की कुंभारानं मडकं घेऊन जायचं, बोलावण्याची वाट बघायची न्हाय. बाप जायचा, आता मी जातो. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आलो तरी माझ्या ध्यानात आलं न्हाय की तुमच्यात मडकं लागत न्हाय.

अंगणात सगळी पांढऱ्या कपड्यात बसलेली, बुद्धवंदना चालू होती. तुमचा मिलिंद उठून जवळ आला. आधी मडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् हळूच म्हणला, "काका, हे नको. आपल्यात करत नाहीत हे." मी म्हणलं, "व्हय की, इसरलोच बघ." आता ते मडकं ठेवावं कुठं, हे काही कळंना. त्या अंगणात ठेवलं तर बरं दिसंना, वाटंत टाकावं तर मन होईना. शेवटपर्यंत ते दोन्ही हातात धरून चाललो. लोकांनी खांदा दिला, फुलं वाहिली. मला तुमाला हात जोडायलासुदिक जमलं न्हाय, सर. हातात मडकं होतं.

घरी आलो तर शांता दारातच उभी. "मयताला नेलेलं मडकं कुणी माघारी आणतं का? आत आणू नका ते." तिचंबी बरोबर हाय. असलं मडकं घरात चालत न्हाय, इकायला चालत न्हाय, फोडावं तर ते ज्याच्यासाठी फोडायचं त्याला नको होतं. भट्टीच्या कठड्यावर ठेवलंय. आज सहावा दिवस. त्याच्याच शेजारी बसून हे लिहितोय, कारण तुमाला एक सांगायचं राहिलंय. लई वर्सं राहिलंय. तुमीच एकदा म्हणला होता की नागनाथ, लिहिताना तू बोलतोस तसंच लिही, अडणार न्हाईस. गाव मला नाग्या म्हणतंय. नागनाथ म्हणणारे तुमी एकटेच होता.

बहात्तरचा दुष्काळ आठवा. निम्मं गाव खडी फोडायला, निम्मं टँकरच्या रांगंत. आमच्या कुंभारांच्या सोसायटीची कौलाची भट्टी बंद, कारण माती भिजवायला पाणी कुठलं. तुमी तवा भूमच्या शाळेतनं बदली होऊन नवीनच आला होता. सोसायटीचे अर्ज तुमीच लिहून द्यायचा, म्हणून थोडी वळख. एक दिवस सकाळी तुमी भट्टीमागं आलात आन् आमच्या टाकाऊ मडक्यांच्या ढिगात शिरलात. आमी मडक्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर बाजारात, बद्द वाजलं तर ढिगात. तुमी बरोबर बद्द वाजणारं एक रुंद तोंडाचं उचललंत.

"हे गळतंय सर," म्या म्हणलं. "कच्चं राहिलंय."

"गळतं म्हणूनच पाहिजे."

"आवं, चांगलं देतो की. ढिगातलं कशाला?"

"नागनाथ, मला पाझरणारंच हवंय. चांगलं देऊ नकोस."

आता इथं माझं डोकं कुठं गेलं ते सांगतो. तुमच्या वस्तीतली माणसं आमच्या दारात आली की माझा बाप ह्या ढिगातलंच मडकं काढायचा, भुईवर ठेवायचा आन् मागं सरायचा. मग त्यांनी उचलायचं. हे म्या डोळ्यानं बघितलेलं, बारकं असताना. मला वाटलं, सरांना म्हाईत असणार हे. हे मुद्दाम ढिगातलं मागत्यात, मला माझ्या बापाची आठवण करून देत्यात. मी लाजलो. तुमच्या मनात त्यातलं काही होतं का, हे म्या कधी विचारलं न्हाय.

दोन दिवसांनी कौलाच्या अर्जासाठी तुमच्या घरी आलो तर परसात घमेलं मांडलेलं. घमेल्यात तलावाच्या तळाचा काळा गाळ, त्याचा वास असा की नाक धरावं. गाळात रोवलेलं माझं मडकं, आन् मडक्यात हिरवंगार शेवाळाचं पाणी. जुन्या बॅटरीचे शेल फोडून काढलेल्या कोळशाच्या कांड्या, एक गाळात खुपसलेली, एक शेवाळात सोडलेली. दोन्हीच्या तारा एका काचेच्या पेटीला, पेटीत एक काटा. तुमी मातीत मांडी घालून बसलेला, अंगात शाळेचा पांढरा सदरा.

"बघ," तुमी म्हणलात, आन् मडक्यावर पोतं टाकलंत. आपण बसलो. तुमी अर्ज लिहून काढलात. मग म्हणलात, आता काट्याकडं बघ. काटा खाली आला होता. पोतं काढलंत. ऊन लागलं, शेवाळावर बारीक बुडबुडे धरले, आन् काटा हळूहळू चढाय लागला. कुणी हात लावला न्हाय, फुंकर घातली न्हाय. माझ्या अंगावर काटा आला, हे तुमाला तवा सांगितलं न्हाय. तुमी म्हणलात की गाळात डोळ्याला न दिसणारे जीव असत्यात, ते कुजकं खाऊन वीज सोडत्यात, आन् वरचं शेवाळ उन्हात जो श्वास सोडतं त्यानं ती वीज वढली जाती. परदेशात लोक मोठमोठ्या प्रयोगशाळेत ह्याच्या मागं लागलेत. आपल्याकडं गाळ हाय, शेवाळ हाय आन् ऊन तर इचारूच नकोस. एवढं बोलून तुमी हसलात. दुष्काळात माणसाला हसताना बघून मला चमत्कारिकच वाटलं.

मी काही गप बसणारा न्हाय, हे तुमाला ठाऊक. म्हणलं, "सर, कांड्या जुन्या शेलातल्या. त्याला काळा मसाला चिकटलाय. त्यातलीच उरलेली वीज असंल."

तुमी चिडलात. "चार वेळा उकळून धुतल्यात मी."

"धुतलं म्हणून जातंय व्हय? हिंगाचा डबा कितीबी धुवा."

"मग पोतं टाकल्यावर काटा का पडतो? मसाल्याला ऊन कळतं का?"

तरी मला पटलं न्हाय. ह्यावर आपण उन्हाळाभर भांडलो. रोज दुपारी मी काही ना काही काढून यायचो, तुमी पोतं टाकून दाखवायचा. काटा रोज थोडा थोडा कमी चढायचा, हे म्या बघितलं होतं. तुमीबी बघितलंच असणार. ते उन्हामुळं, का गाळ सुकत चालल्यामुळं, का मसाला संपत आल्यामुळं, हे भांडण तसंच राहिलं.

आन् रोज वहिनी आतनं विचारायच्या, "पाणी घेणार का?" आन् मी रोज म्हणायचो, "आत्ताच पिऊन आलो." उन्हात कोसभर चालून आलेलो असलो तरी हेच. दुष्काळ होता, दुसऱ्याचं पाणी कशाला प्यायचं, अशी मी माझी समजूत घालायचो. पण तलाव भरल्यावरबी तेच म्हणत राहिलो. बापानं सांगितलं होतं असंबी न्हाय, तवर तो जाऊन लई दिवस झाले होते. तोंडातून आपोआप यायचं. तुमी नुसतं वर बघायचा आन् परत काट्याकडं बघायचा.

मग धाराशिवच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. तुमी म्हणलात, एका मडक्यानं नुसता काटा हलतो, तीन एकाला एक जोडली तर बारका दिवा मिणमिणंल. "नागनाथ, तीन मडकी दे. अगदी पहिल्यासारखी."

सर, म्या काय केलं ते आता सांगतो. घरच्या वाट्याच्या पाण्यातलं काढून माती भिजवली. शांता दोन दिवस बोलली न्हाय. तीन मडकी घडवली, चोपण्यानं ठोकून अंग असं गुळगुळीत केलं की हात सरकावा. भाजली, टिचकी मारली, तिन्ही खणखणीत. पण एवढ्यानं माझं समाधान होईना. जिल्ह्याची माणसं येणार, सायेब येणार, टेबलावर चादर असणार, आन् तिथं आमच्या सोसायटीचं मडकं गळणार. तेबी तुमच्या नावावर. लोक म्हणणार, कुंभारानं मास्तरला ढिगातलं दिलं. माझा बाप डोळ्यापुढनं जाईना. मनाशी म्हणलं, ह्या माणसाला आमच्या घरातनं एकदा तरी असं मडकं जाऊ दे की त्यातनं थेंब सुटणार न्हाय.

मोटेच्या चामड्याला करडईचं आटवलेलं तेल पाजत्यात, म्हणजे पाणी झिरपत न्हाय, हे आपल्या भागात कुणालाबी म्हाईत. तसंच घट्ट तेल गरम मडक्यांना आतनं पाजलं. एकदा न्हाय, दोनदा. वाळायला चार दिवस लागले, म्हणून तुमाला मडकी आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाली. तुमाला तपासायला वेळच उरला न्हाय. तुमी पहिलं मडकंबी घ्या म्हणत होता, तर मीच म्हणलं, "त्ये गळकं कशाला? यष्टीत चिखल करंल, कंडक्टर वरडंल." तुमी माझं ऐकलंत. ते घरीच राहिलं.

धाराशिवला तुमी सगळं मांडलंत. आन् नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं. वर्सभर ज्याची वाट बघितली ते ढग त्या दिवशी आले, पाऊस पडला न्हाय, ऊन मातूर घेऊन गेले. काटा जागचा हलला न्हाय. तुमी तारा खरवडल्या, कांड्या बदलल्या, मडकी खिडकीत नेलीत. एक तपासणीस आला, त्यानं हिरव्या पाण्यात वाकून बघितलं आन् म्हणला, "मास्तर, हे मलेरियावाल्यांना दाखवा." भोवतीची पोरं हसली. तुमीबी थोडं हसलात, कारण हसावं लागतं. मी शेजारी उभा होतो आन्, खरं सांगतो, माझं लक्ष चादरीकडं होतं. चादर कोरडी होती. मला त्याचा आनंद होत होता.

येताना यष्टीत तुमी एक मडकं मांडीवर घेतलं होतं. शेवाळाचं पाणी तुमी स्टँडवरच्या लिंबाच्या बुडाशी ओतून आला होता. येडशीच्या पुढं तुमी मडक्यात हात घातलात, आतनं बोट फिरवलंत. बोट नाकापाशी नेलंत का? मला तसं वाटतंय, पण गाडी हादरत होती, मी शपथेवर सांगू शकत न्हाय. मग तुमी माझ्याकडं बघून म्हणलात, "मडकी चांगली केलीस नागनाथ. थेंबसुद्धा गळला नाही."

माझी छाती फुगली. आख्ख्या वाटंनं मी तुमाला सोसायटीच्या गमती सांगत बसलो, तुमाला हसवावं म्हणून. तुमी खिडकीतनं बघत होता. त्यानंतर घमेलं परत मांडलं न्हाय तुमी. पोरं मागनं शेवाळमास्तर म्हणायची, ते तुमच्या कानावर गेलंच असणार. मी एकदोनदा म्हणलं, सर, परत लावा की. तुमी म्हणलात, बघू.

मला कळलं ते चार वर्सांनी, शाळेच्या छपरावर. आमच्या सोसायटीची कौलं शाळेला दिली होती, ती बसवायला मी वर चढलो होतो. खाली तुमचा नववीचा तास चालू होता. तुमी शेलाचं शिकवत होता. म्हणलात, "दोन बाजू वेगळ्या पाहिजेत, पण मधली भिंत ओली पाहिजे. ती पाझरली पाहिजे. भिंत कोरडी पडली, बंद झाली, की सगळं थांबलं." मी हातातलं कौल तसंच धरून बसलो. तास संपला, घंटा झाली, पोरं बाहेर आली, मी खाली उतरलो न्हाय. तुमी व्हरांड्यातनं वर बघितलंत आन् विचारलंत, "काय रे, ऊन लागलं का?" मी म्हणलं, "न्हाय, उतरतोच." तवा सांगायला पायजे होतं. तुमी खाली उभे होता, मी वर होतो, एक वाक्य होतं. ते तोंडातनं आलं न्हाय.

पुढं दोनदा ठरवून आलो. एकदा तुमच्याकडं पाव्हणे बसलेले. दुसऱ्यांदा तुमी एकटेच होता, खोकत होता, मी सुरुवात केली, "सर, त्या मडक्यांना..." आन् तुमी म्हणलात, "सोड रे ते जुनं." हे तुमी का म्हणलात? कंटाळून? का तुमाला समजलं होतं आन् मला सोडवत होता?

मला काही कळंनासं झालंय, सर. तेलानंच काटा मेला, असंबी छातीवर हात ठेवून सांगता येत न्हाय. आभाळ होतं. कांड्यांचा मसाला संपला असंल, म्हणजे माझंच खरं निघालं, आन् शेवाळाची वीज कधी नव्हतीच. कधी वाटतं, तसं असावं. म्हणजे माझ्यावरचं जाईल. मग लगेच वाटतं, असं कसं म्हणतोस, नाग्या, सरांचा प्रयोग खोटा ठरावा म्हणून देव पाण्यात घालतोस व्हय? तुमचं खरं असंल तर म्या तो मारला. तुमचं खोटं असंल तर म्या काही केलं न्हाय. मला तुमचंबी खरं पायजे आन् माझीबी सुटका पायजे. हे कसं जमायचं?

आन् ह्यापेक्षा वंगाळ ते पुढं हाय. समजा यष्टीत तुमच्या नाकाला करडईचा वास आला. मग तुमाला काय वाटलं असंल? ह्या माणसाला पाझरणारं मडकं दे म्हणलं, ह्यानं मुद्दाम बुजवून दिलं. हा माझ्या घरी येतो, माझ्याशी भांडतो, आन् माझ्या घरचं पाणी पीत न्हाय. दोन्ही गोष्टी तुमी एका ठिकाणी ठेवल्या असत्या तर मला कुठल्या तोंडानं न्हाय म्हणता आलं असतं? म्या ते मानापोटी केलं होतं, सर. तुमच्या मानापोटी. हे तुमाला कोण सांगणार होतं, मीच न्हाय तर? तुमी मला शेवटपर्यंत नागनाथच म्हणलात, म्हणून मला वाटतं की तुमाला कळलं नव्हतं. मग वाटतं, कळूनबी तुमी नागनाथच म्हणला असता. तुमचा स्वभावच तसा. त्यामुळं त्याचाबी पुरावा धरता येत न्हाय.

काल शांता म्हणली, "आठवडा होत आला त्या मडक्याकडं बघत बसलाय. काय असंल ते त्यांच्या घरी जाऊन बोला." मग गेलो. काट्याची पेटी असली तर मागावी, असं मनात होतं. हे परत आणलेलं मडकं बिनतेलाचं हाय, गाळात रोवून बघावं म्हणलं, निदान एकदा नीट. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेटी मिलिंदनं काढून दिली, काचंला तडा गेलाय, काटा शाबूत हाय. मग म्या वहिनींना सगळं सांगितलं. करडई, चार दिवस, चादर, यष्टी, छप्पर. काही ठेवलं न्हाय. आन् विचारलं, "सरांना म्हाईत होतं का?"

वहिनी म्हणल्या, "मला न्हाई ठाऊक, भावजी. मडक्याचं ते कधी बोलले न्हाईत. त्या दिवशी धाराशिवहून आले, परसातला गाळ वतून दिला, हे मडकं घासलं आन् माझ्यापुढं ठेवलं. म्हणले, ह्यात पाणी भरत जा, हे पाझरतं, ह्यातलं गार राहील."

त्यांनी हात केला तिकडं बघितलं. खिडकीत तिवईवर ते मडकं होतं. ढिगातलं, बद्द वाजणारं, अंग ओलं, खाली वाटी ठेवलेली थेंबांसाठी. एवढी वर्सं मी त्या घरात येत होतो आन् ते तिथंच होतं. पाणी न पिणाऱ्या माणसाचं लक्ष पाण्याच्या मडक्याकडं कशाला जातंय.

"तुमचं मातूर एक सांगून ठेवलं होतं त्यांनी," वहिनी म्हणल्या. "नागनाथ आला की पाणी विचारत जा. नको म्हणला तरी दर वेळेला विचारत जा." आन् मग डोळे पुसून, सवयीनंच, म्हणल्या, "पाणी घेणार का?"

आत्ताच पिऊन आलो, एवढं तोंडापर्यंत आलं होतं, सर. ते गिळलं. म्हणलं, "द्या."

तांब्याभर प्यालो. मग दुसरा मागून घेतला. तुमाला कळलं होतं का, ते मला अजून कळंना. पाणी लई गार होतं.